देव ज्या वाटेने गेले, त्या वाटेने दिवाड बघ

दिवाडला येणार म्हणालीस, तर पहिलं हे ऐक. मांडवी नदीतलं हे बेट एका दुपारी उरकायचं नाही आणि भलत्या टोकाने सुरूही करायचं नाही. भाड्याच्या गाडीवाले पाहुण्यांना रायबंदरच्या फेरीबोटीत घालतात, टेकडीवरचं चर्च दाखवतात, नदीकाठी जेवू घालतात आणि संध्याकाळच्या आत पणजीला आणून सोडतात. चर्च सुंदर आहे, जेवणही वाईट नसतं, पण दिवाड म्हणजे तेवढंच नाही. तुम्ही जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून बेटावर चढा, एक रात्र तिथे काढा आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टोकाच्या फेरीने डिचोलीच्या काठाला उतरा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांपासून वाचवलेलं सप्तकोटेश्वराचं लिंग याच दिशेने नदीपार गेलं. त्याच्या मागोमाग गेलीस की बेटावरचा प्रत्येक दगड आपला अर्थ आपणच सांगतो. उलटं गेलीस तर ती गोष्ट तुला शेवटाकडून वाचल्यासारखी होईल.

मुंबईहून रेल्वेने येत असाल तर करमळीला उतरा. कोकणकन्या आणि मांडवी, दोन्ही गाड्या तिथे थांबतात आणि जुनं गोवं स्टेशनपासून जवळच आहे. मडगावपर्यंत जाऊन परत मागे येण्यात अर्धा दिवस वाया जातो. सामान कमी ठेवा. दादाची ती मोठी चाकांची बॅग बेटावरच्या रस्त्यांना आणि जुन्या घरांच्या उंबऱ्यांना सोयीची नाही.

जुन्या गोव्यात सगळी चर्चं त्याच दिवशी बघायचा हट्ट नको. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा. दिवाडच्या वाटेवर दोनच गोष्टी बघून घे. एक, सेंट फ्रान्सिस असिसीच्या मठातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. शुक्रवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेव. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नरांच्या तसबिरींची रांग आहे, तिच्याकडे सगळे वळतात. तू आधी खालच्या दगडी मूर्तींपाशी थांब. कदंब राजांच्या काळात इथले कारागीर दगडात काय काढत होते हे डोळ्यांत भरून घेतलंस, की बेटावर एखादा तुटका तुकडा दिसला तरी ओळखू येईल. दुसरी गोष्ट व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे व्हाइसरॉय होता, त्याने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. पणजोबाचा पुतळा नदीच्या बाजूला बसवला. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच कमानीखालून शहरात शिरायचा. कमानीतून उताराने खाली गेलं की समोरच दिवाडची फेरी.

फेरीबोटीची एक शिस्त असते, ती पाळा. बोटीचा लोखंडी फळा धक्क्यावर टेकला की आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची. मग दुचाक्या आणि गाड्या चढतात, पायी माणसांनी कडेच्या कठड्याशी उभं राहायचं. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. बेटावरच्या लोकांची शाळा, नोकरी, दवाखाना, बाजार सगळं या बोटीवर चालतं. ही त्यांची रोजची बस आहे. फोटोसाठी फळ्यावर उभं राहून कुणाची वाट अडवू नका. उतरल्याबरोबर शेवटची फेरी किती वाजता, हे धक्क्यावरच्या माणसाला विचारून ठेव. मुक्काम बेटावर असला तरी विचार, कारण अचानक औषध लागलं किंवा डॉक्टर लागला तर ती वेळ माहीत असलेली बरी. पावसाळ्यात वारा जोराचा असला तर बोटी थांबवतात, त्या दिवशी वाट बघायची तयारी ठेवायची.

बेटावर पोहोचलात की मुक्कामी सामान टाका आणि ऊन उतरल्यावर टेकडी चढा. वर पिएदादचं चर्च आहे, करुणामातेचं. आजची इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्या रचनेचं श्रेय अंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय पाद्र्याला दिलं जातं. मला हे फार मोलाचं वाटतं. पोर्तुगिजांच्या राज्यात, पोर्तुगीज धाटणीची भव्य इमारत इथल्याच मातीतल्या माणसाने रचली. आत गेल्यावर मुख्य वेदी बघच, पण छताच्या आणि भिंतींच्या चुन्यातल्या नक्षीकडेही मान वर करून बघ. ती पानाफुलांची वेलबुट्टी करणारे हात इथल्याच कारागिरांचे. खांदे झाकलेले असू देत. मीस चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसून राहा किंवा बाहेर थांबा, आणि फोटो मीस संपल्यावर विचारून काढा.

चर्चसमोरच्या मोकळ्या जागेतून मांडवीचा सगळा पसारा दिसतो. नदीपलीकडे जुन्या गोव्याची शिखरं, दुसऱ्या अंगाला चोडणचं बेट, मध्ये शेतं आणि त्यांचे बांध. बाबांना तिथेच बाकावर बसव. तू मात्र बाजूच्या दफनभूमीकडे जा. तिथे एक कपेल, म्हणजे लहानसं प्रार्थनाघर आहे. घाईचा पाहुणा त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि माझ्या मते टेकडीवरची सगळ्यात महत्त्वाची वास्तू तीच. या टेकडीवर पूर्वी देऊळ होतं आणि हे कपेल त्या देवळाच्या उरलेल्या भागातून झालं असं मानतात. दार बंद असेल तर कुलपाशी झटापट करू नकोस. चर्चच्या कचेरीत जाऊन पाद्रीबाबांना विनंती कर, बहुतेक वेळा कुणीतरी किल्ली घेऊन येतं. आत शिरल्यावर आधी डोळे अंधाराला सरावू देत, मग छताकडे बघ. दगडात कोरलेली ती रचना आणि बाहेरच्या चर्चची चुन्यातली नक्षी, दोन्ही एकाच टेकडीवर चार पावलांच्या अंतरावर आहेत. संग्रहालयात दगडापाशी का थांब म्हणाले, ते तिथे कळेल. दफनभूमीत थडग्यांवर टेकू नका, मोठ्याने बोलू नका. बाहेर पडताना किल्ली आणणाऱ्याला ‘देव बरें करूं’ म्हण. इथे आभार असेच मानतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. दिवाडवरची देवळं पाडली गेली हा इतिहास आहे, तो लपवायचा नाही. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी दिवाडसकट तिसवाडी घेतली आणि पुढच्या पन्नास वर्षांत या बेटांवरचे देव एकामागून एक नदीपार गेले. दिवाडचा गणपती फिरत फिरत अखेर खांडोळ्याला स्थिरावला. शेजारच्या चोडणचे देवकी-कृष्ण मयेमार्गे माशेलला गेले. हे सगळं माहीत करून घे, पण चर्चच्या आवारात उभं राहून तावातावाने बोलू नकोस. आज तिथे मेणबत्ती लावणारी बाई ही त्याच जुन्या गावकऱ्यांची नात-पणती आहे. देव गेले, काही माणसं देवाबरोबर गेली, काही राहिली आणि त्यांनी नवा धर्म पत्करला. दोन्ही आपलीच माणसं. हे मनात ठेवून बोललीस तर बेटावरचे म्हातारे आपण होऊन तुला जुन्या गोष्टी सांगतील. नाहीतर हसून विषय बदलतील.

आता मुक्कामाचं. बेटावर राहायच्या जागा मोजक्याच आहेत आणि त्यांचे मुख्य प्रकार दोन. पिएदादच्या आसपासची जुनी घरं, ज्यांत घरमालक पाहुणे ठेवतात, आणि नदीकाठची रिसॉर्टं. तुम्ही चौघं आहात, बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे, तरी माझं मत जुन्या घराच्या बाजूने. रिसॉर्ट कुठेही मिळेल. जाड चिऱ्याच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, पूर्वी काच महाग म्हणून बसवलेल्या शिंपल्यांच्या खिडक्या आणि दारापुढचा तो दगडी बाकांचा बाल्कांव, हे राहून अनुभवायचं असतं. संध्याकाळी बाल्कांवावर बसलं की रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस दोन शब्द बोलून जातो. बेटाची निम्मी माहिती तिथे बसूनच मिळते.

पण जुनं घर ठरवताना फोनवर नीट विचारून घे, संकोच करू नकोस. गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्या घराला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, ती आहे का? न्हाणीघर खालच्या मजल्यावर आहे का, आणि तिथे जायला किती पायऱ्या? पलंग किती उंच? जुने चौखांबी पलंग दिसायला राजेशाही असतात, पण बाबांना रात्री उठून उतरताना ते जड जातील. मच्छरदाणी आहे का? शेतं आणि खारफुटी जवळ आहेत, डास असणारच. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीच्या जेवणाचं काय? बेटावर रात्री उशिरा कुठेतरी जाऊन जेवू असं मनात धरून निघायचं नाही. घरी स्वयंपाक करून देत असतील तर सकाळीच सांगून ठेवायचं, म्हणजे बाजारातून मासळी येते. तुझी आई मासे खात नाही, तेही आधीच सांग. गोव्यात शाकाहारी जेवणाला ‘शिवराक’ म्हणतात, तो शब्द वापरलास की गोंधळ होत नाही. रोख पैसे जवळ ठेव. फिरायला स्कूटर मिळेल का हेही घरमालकालाच विचार, बहुतेकांच्या ओळखीत कुणीतरी असतं.

‘ऐतिहासिक हवेली’ म्हणून जाहिरात केली असेल तर घर किती जुनं आणि कोणाचं होतं, हे मालकाला सरळ विचार. खऱ्या जुन्या घराचा मालक तासभर सांगत बसतो. नुसतं रंगवून जुनं केलेलं घर असेल तर एका वाक्यात उत्तर मिळतं.

बाबांना पायऱ्या मुळीच झेपत नसतील तर मात्र हट्ट सोडा. नदीकाठच्या रिसॉर्टात सपाट जागा असते, तिथे राहा. सगळ्यात शेवटचा पर्याय पणजीच्या फोंतेन्हासमध्ये राहून सकाळच्या पहिल्या फेरीने येण्याचा. पण मग पहाटेचं दिवाड हुकतं, आणि ते हुकवू नये असं मला फार वाटतं.

कारण पहाटे उठून बांधावर चालायचं आहे. त्याआधी पोदेराचा भोंगा ऐकू येईल, सायकलच्या मागे टोपलीत गरम पाव आणि कोंड्याची पोई घेऊन तो दारोदार फिरतो. दोन पोई घेऊन खिशात टाका आणि मलारच्या बाजूला शेतांकडे निघा. ही खाजन शेती. समुद्राची भरती मांडवीतून आत येते आणि खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून माती-दगडांचे बांध घातलेले आहेत. बांधाला मध्येच एक झडप असते, तिला मानस म्हणतात. तिच्यापाशी बसून भरती-ओहोटी बदलताना नक्की बघ. भरतीचं पाणी वर चढलं की त्याच्याच दाबाने लाकडी दार मिटतं, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर रेटतं आणि दार आपोआप उघडतं. यंत्र नाही, वीज नाही. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकरी मिळून हे बांध सांभाळत आलेत. मिठाला न जुमानणारा कोरगुट तांदूळ अशाच जमिनीतला. मला विचारशील तर दिवाडचं सर्वांत जुनं स्मारक हे बांधच आहेत, आणि ते अजून वापरात आहेत. बांधावरून गाडी किंवा स्कूटर नेऊ नका, कडा ढासळतात. खारफुटीच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसायचंही टाळा. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत आणि पाणी सगळं एकमेकांना जोडलेलं आहे.

नाश्ता करून नार्व्याकडे निघा. नार्वे दोन आहेत हे लक्षात ठेव. एक बेटाच्या टोकाला, दुसरं नदीपलीकडे डिचोली तालुक्यात. रस्ता विचारताना कुठलं नार्वे ते स्पष्ट सांग, नाहीतर सांगणारा दुसऱ्याच काठाचा रस्ता सांगेल. बेटावरच्या नार्व्यात सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं. गोव्याच्या कदंबांचं हे कुलदैवत, त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरच्या बिरुदातसुद्धा सप्तकोटेश्वराचं नाव आहे. चौदाव्या शतकात बहामनींच्या काळात देऊळ मोडलं, तेव्हा लिंग शेताच्या बांधात लपवलं होतं असं सांगतात. पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने देऊळ पुन्हा उभारलं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं आणि त्या जागी कांदेलारिया मातेचं कपेल आलं.

देऊळ आता नाही, पण तळं आहे. कोटितीर्थ. तिथे अर्धा तास तरी दे. चिऱ्याच्या पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत जातात आणि काठच्या भिंतीत ओळीने लहान लहान कोनाडे आहेत. बहुतेक रिकामे. एकेका कोनाड्याची उंची-रुंदी आपल्या ओंजळीशी ताडून बघ. देऊळ केवढं नांदतं असेल, त्याचा अंदाज पाडलेल्या दगडांपेक्षा या कोनाड्यांवरून जास्त येतो. शेवाळ असतं, पाय जपून ठेवा, बाबांना वरच थांबव. पावसाळ्यात खाली उतरूच नका. कोनाड्यात फुलं किंवा दिवा दिसला तर हात लावू नका.

मूळ देऊळ कसं दिसत असेल हे बघायची हौस असेल तर पुढे कधीतरी तांबडी सुर्लाला जा. घाटाच्या पायथ्याशी, जंगलात, काळ्या दगडातलं ते महादेवाचं देऊळ कदंबकाळातलं आणि जवळजवळ पूर्ण उभं आहे. या सहलीत ते कोंबू नका.

मग नार्व्याची फेरी. गाडी केली असेल तर ती बोटीवर चढवूनच न्या, म्हणजे पलीकडे बाबांना चालावं लागणार नाही. पाणी ओलांडताना एक गोष्ट ध्यानात घे. सोळाव्या शतकात ही नुसती नदी नव्हती, दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे विजापूरची आदिलशाही. दिवाडच्या लोकांनी लिंग सोडवून रातोरात पलीकडे नेलं, ते दुसऱ्याच्या राज्यात. डिचोली तालुका पोर्तुगिजांकडे गेला तो थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोवर देव सुरक्षित राहिले.

पलीकडच्या नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी बांधवलं. महाराज तेव्हा डिचोलीच्या बाजूला होते. प्रवेशद्वारावर शके १५९०, म्हणजे १६६८ चा देवनागरी शिलालेख आहे. आपल्याला तो वाचता येतो, याचा आनंद वेगळाच. सकाळचं तिरपं ऊन असताना अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी ती पुसट होतात, म्हणून वेळ साधा. देवळाचा घाट नीट बघ. घुमट, कमानी, समोरची दीपमाळ. आदिलशाही, पोर्तुगीज आणि मराठी, तिन्ही सावल्या एका इमारतीत. गाभाऱ्यातलं लिंग पैलूदार आहे, त्याला धारालिंग म्हणतात. सोन्याच्या नाण्यांवर ज्याचं नाव घातलं गेलं, ज्याला बांधात लपवलं, ज्याला होडीतून नेलं, ते हे. राज्य सरकारने देवळाचं जतनकाम करून २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं केलं, त्यामुळे आता आवार स्वच्छ आणि चालायला सोपं आहे. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या काठावर पंचगंगेचं स्नान असतं, तेव्हा मात्र गर्दी फार.

कधी यावं? मला विचारशील तर पाऊस सरता सरता, सप्टेंबरच्या अखेरीला किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. शेतं पिवळी व्हायला लागलेली असतात आणि पायऱ्यांचं शेवाळ वाळायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, पण घरं महाग आणि महिनाभर आधी ठरवावी लागतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां असतो. पूर्वी वाड्यांच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्द दाखवायला निशाणं रोवली जायची आणि लोक ती दगड मारून पाडायचे, त्या भांडणाचा हा उत्सव झाला. पोरं बांबूच्या नळीची फोटाश घेऊन फिरतात, तिच्यात हिरवी फळं घालून मागून काठीने दाबलं की फट्‌कन आवाज येतो. बघण्यासारखं आहे, पण त्या दिवशी फेरीला लांबच लांब रांग लागते आणि तळं, कपेल, बांध काहीच निवांत बघून होत नाही. उत्सव बघायचा तर तेवढ्यासाठीच या.

नार्व्याहून डिचोलीतलं माझं घर जवळच आहे. देवळातून निघताना मला फोन कर, भात तेव्हाच चुलीवर चढवते. रविवारी आलात तर बांगड्याचं हुमण असेल. सोमवारी आलात तर घरात मासे शिजत नाहीत, पण वालीच्या दाण्यांचं तोंडाक आणि सोलकढी नक्की, आणि ते तुझ्या आईला जास्त आवडेल. बाबांसाठी खालच्या खोलीतला सखल पलंग झाडून ठेवते.